साडेसातशे मिलिलीटर

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. कुरुळीच्या प्राथमिक शाळेत तिसरीच्या बत्तीस मुलांच्या पाण्याच्या बाटल्यांवर मी रेघा आखायला घेतल्या, त्या क्षणाची ही नोंद. वहीत तिच्यापुढे 'आरंभ' असे लिहून मी तो शब्द दोनदा गिरवला आहे. त्या दिवशी माझ्या अंगात किती उत्साह होता, याचा आता तेवढाच पुरावा शिल्लक आहे.

सूक्ष्मजीवशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपवून मी दोन वर्षे एका प्रयोगशाळेत काढली होती आणि तिथून वाकडमधल्या एका संस्थेत आले होते. प्राथमिक शाळांसाठी आरोग्यशिक्षणाचे निकष ठरवण्याचे काम संस्थेने हाती घेतले होते. निकष म्हणजे पहिली ते चौथीच्या मुलाला आपल्या शरीराविषयी काय कळायला हवे, काय करता यायला हवे आणि ते त्याला आले की नाही हे शिक्षकाने कशावरून ओळखावे, याची इयत्तावार यादी. तिसरीची यादी माझ्याकडे होती. आम्ही चाळलेल्या जुन्या पुस्तिकांत जागोजागी 'भरपूर पाणी प्यावे' असे वाक्य होते, आणि 'भरपूर' या शब्दाचा मला राग होता. भरपूर म्हणजे किती? ते मोजायचे कोणी? मी लिहिले : 'विद्यार्थी शाळेच्या वेळेत साडेसातशे मिलिलीटर पाणी पितो व त्याची नोंद स्वतः ठेवतो.' आमच्या प्रमुखांनी, ज्यांना आम्ही सगळे नुसते 'सर' म्हणत असू, ते वाक्य बैठकीत मोठ्याने वाचले. "हे बघा," ते इतरांना म्हणाले, "याला म्हणतात निकष. हे मोजता येतं."

चार आठवडे एका शाळेत ते तपासून पाहायचे, टिकले तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवायचे, आणि समितीने मान्य केले तर चारही इयत्तांचे काम माझ्या हाताखाली येणार, असे ठरले होते. मला ते हवे होते. सत्ताविसाव्या वर्षी तशी जबाबदारी मिळणे ही लहान गोष्ट नव्हती, आणि तिची इच्छा लपवावी असेही मला वाटत नव्हते.

मी रहाटणीत राहत असे. तिथून कुरुळीला स्कूटरने जायचे म्हणजे मोशीच्या पुढे कंटेनरांच्या रांगांतून वाट काढायची. सकाळी सव्वा तास, संध्याकाळी दीड, आणि कंपन्यांच्या शिफ्ट सुटण्याची वेळ गाठली गेली तर किती, याचा नेम नाही. शाळेत पोचेपर्यंत चेहऱ्यावर धुळीचा थर बसलेला असे.

तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसत. पंचावन्न मुले आणि एक शिक्षिका. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. मुले त्यांना बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणू लागले. माझी पुस्तिका त्यांनी उभ्याउभ्या चाळली, मिटली, आणि खिडकीजवळच्या दुसऱ्या ओळीत बसलेल्या एका मुलीकडे नजरेने खूण केली.

"ती बघा. दिवाळीपासून तीनदा तापाने पडली. लघवीचं इन्फेक्शन. डॉक्टर दर वेळी सांगतात, पाणी पाज. आई कंपनीत आहे, तिचे खाडे होतात. आता ती म्हणते, आणखी एकदा ताप आला की पोरीला गावी आजीकडे टाकते, लातूरकडे. हुशार आहे हो पोरगी. आणि गावी गेलेल्या पोरी परत येत नाहीत, हा माझा अनुभव. मागच्या वर्षी दोन गेल्या. मॅडम, तुमच्या पुस्तिकेतलं बाकी काही नाही झालं तरी चालेल. हिने पाणी प्यायलं तरी माझं भागलं."

ती मुलगी नऊ वर्षांची होती. वेण्या घट्ट, पाटी स्वच्छ, आणि ओठ कोरडे. मी वहीत तिच्यासाठी वेगळे पान केले.

पद्धत साधी होती. संस्थेने पाऊण लिटरच्या एकसारख्या निळ्या बाटल्या दिल्या होत्या. प्रत्येकीवर अडीचशे मिलिलीटरच्या अंतराने रेघा. पावणेबारा, दीड आणि साडेतीन अशी तीनदा घंटा व्हायची आणि पाणी प्यायला मुलांना दोन मिनिटे अंगणात सोडले जायचे. पहिल्या घंटेला पाणी पहिल्या रेघेवर, दुसऱ्या घंटेला दुसऱ्या रेघेवर, तिसऱ्या घंटेला बाटली रिकामी. मग मुलाने आपल्या कार्डावर खूण करायची. मुलांना मी रेघ कशी वाचायची तेही शिकवले : बाटली सपाट जागी ठेवायची, डोळा रेघेच्या समोर आणायचा, वरून बघायचे नाही. फळ्याच्या कोपऱ्यात मी ठळक अक्षरांत लिहिले : 'घंटा झाली की पाणी रेघेपर्यंत खाली आले पाहिजे.' वाक्य सोपे, स्पष्ट, तिसरीच्या मुलाला वाचता येईल असे होते. मला ते आवडले होते.

त्याच दिवशी मी या वर्गाची आणखी एक रीत पाहिली. गणिताच्या तासाला एक मुलगी उभी राहिली आणि तिने हाक दिली, "रिलीव्हर!" शेजारच्या रांगेतली दुसरी मुलगी उठली, तिच्या जागी येऊन बसली, तिची वही पुढे ओढून फळ्यावरची उदाहरणे उतरवू लागली. मगच पहिली मुलगी बाहेर गेली. ती परतेपर्यंत दुसऱ्या कोणाला उठता येत नव्हते.

"हे काय?" मी विचारले.

"लाइनवरची पद्धत," बाई म्हणाल्या. "इथल्या बहुतेकांचे आईबाप कंपनीत. असेंब्ली लाइन चालू असताना माणसाला जागेवरून हलता येत नाही. बाथरूमला जायचं तर त्याच्या जागी उभा राहणारा रिलीव्हर यावा लागतो. पोरांना ते घरी ऐकून पाठ. मी नुसतं 'विचारून जा' म्हणायचे तर दहा-दहा जण एकदम पळायचे. रिलीव्हर म्हटलं आणि त्याच दिवशी वर्ग सुतासारखा सरळ झाला."

मला ती युक्ती फारच पसंत पडली. वहीत मी लिहिले : 'शिस्त उत्तम. स्थानिक अनुभवाचा कल्पक उपयोग.' रिलीव्हर होणाऱ्या मुलीला दुहेरी लिहावे लागते, म्हणून ती नाक मुरडते, हे मी पाहिले, पण लिहिले नाही. मागून एक पोरगा ओरडला, "हिला रोज रिलीव्हर लागतोय! ही काय परमनंट व्हायची न्हाई!" आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले.

आकडे सुंदर येत गेले. पहिल्या आठवड्यात बत्तीसपैकी चोवीस मुले निकषाला उतरली, दुसऱ्या आठवड्यात तीस. खिडकीजवळच्या त्या मुलीचे कार्ड तर नमुना म्हणून दाखवावे असे होते. रोज तीन घंटा, तीन खुणा, एकही चुकलेली नाही. शनिवारी सरांना मी तक्ता पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "तीस? अहो, हे तर समितीला डोळे झाकून दाखवता येईल." त्या रात्री मी लवकर झोपले. एरवी रस्त्याचा आवाज दोन-दोन तास कानांत राहत असे.

सोमवारी, सतरा फेब्रुवारीला, त्या मुलीची जागा रिकामी होती.

"ताप," बाई म्हणाल्या. एवढेच म्हणाल्या आणि हजेरी पुढे घेऊ लागल्या.

माझ्या शिक्षणाने मला एक सवय लावली आहे. निष्कर्ष आणि वस्तुस्थिती जुळेनाशी झाली की मी आधी वस्तुस्थितीवर शंका घेते. ताप दुसऱ्या कशाचा असेल. आधीचा संसर्ग पुरता बरा झाला नसेल. घरी पाणी पीत नसेल, शाळेत पिते तेवढेच. मंगळवारी मी या शक्यता एकाखाली एक लिहून काढल्या. 'नोंद चुकीची' ही शक्यता त्यांत नव्हती. बुधवारी सुट्टी होती. गुरुवारी मी शाळेच्या खिचडीच्या शेडमध्ये चहा घेत उभी होते.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी कुरुळीच्याच, जुन्या घरातल्या. हात धुण्याच्या नळांच्या सांडपाण्यावर त्यांनी अळू लावला होता. त्या मोठ्या कौतुकाने मला तो दाखवू लागल्या.

"बगा की मॅडम, कसा फोफावलाय! दर साली फेब्रुवारीत जळून जातो. टाकीचं पानी पोरान्लाच पुरत न्हाई, तर अळवाला कुठनं? पन तुमच्या त्या निळ्या बाटल्या आल्या आन् ह्याचं नशीब उघडलं."

"बाटल्या? त्यांचा काय संबंध?"

"आवं, पोरी वततात की हितं. घंटा झाली की येत्यात, वततात, जात्यात. मला वाटलं, तुमीच सांगितलं आसंल."

पावणेबाराच्या घंटेला मी शेडच्या जाळीआड उभी राहिले. मुली दोघी-तिघी मिळून आल्या. प्रत्येकीने बाटली तिरकी करून थोडे पाणी अळवात ओतले, बाटली कठड्यावर सपाट ठेवली, खाली वाकून डोळा रेघेच्या समोर आणला, आणखी चमचाभर ओतले, पुन्हा पाहिले. एकीने जास्त ओतले गेले म्हणून नळाखाली धरून थेंबथेंब भरून घेतले. रेघ वाचण्याची इतकी नेमकी पद्धत मी प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या पदवीधरांतही पाहिली नव्हती. ती मीच त्यांना शिकवली होती. मग कार्डावर खूण करून त्या वर्गात गेल्या. मुलगे मात्र खरेच पाणी पीत होते. सुट्टीत भिंतीमागे जाऊन यायला त्यांना अर्धे मिनिट लागत असे.

तिसरीत मुली सतरा. त्या दिवशी हजर सोळा. ओतणाऱ्या चौदा.

शुक्रवारी दुपारी मी त्या मुलीच्या घरी गेले. गावाच्या कडेला एका रांगेत दहा खोल्या, त्यांतली सातवी. आई नुकतीच पहिली शिफ्ट करून आली होती. कंपनीचे फिकट निळे जाकीट अजून अंगातच होते. मोटारींच्या वायरींच्या जुड्या बांधण्याच्या लाइनवर ती काम करत असे. मुलगी भिंतीला टेकून चटईवर बसली होती. ताप उतरला होता.

"बसा मॅडम. उन्हात आलाव." तिने स्टीलच्या ग्लासात पाणी पुढे केले. "काय करावं, सांगा. लेकरू पाणी पितंय, तुमच्या कार्डावर रोज टिक हाय. मी डॉक्टरला कार्डच दाखवलं. म्हणलं, बघा, शाळेत मोजून पाजतेत. मग ते म्हणले, पाणी पिऊन होत असंल तर दुसरं काही असंल, सोनोग्राफी करा. आता मी खाडा तरी किती करू? कंत्राटदार म्हणतो, उद्यापासून येऊच नको."

माझ्या कार्डाने डॉक्टरांनाही चुकीच्या वाटेला लावले होते. हे ऐकल्यावर खरे सांगण्यावाचून मार्ग नव्हता. मी सांगितले. आईने मुलीकडे पाहिले. मुलीने माझ्याकडे.

"मॅडम, तुम्हीच लिहिलं होतं," ती म्हणाली. आवाजात उद्धटपणा नव्हता. चुकलेले उदाहरण पुन्हा तपासून पाहावे तसा तो होता. "पाणी रेघेपर्यंत खाली आलं पाहिजे. आलं होतं."

"पण पिऊन, गं."

"पिऊन असं नव्हतं लिहिलं."

आईने कपाळावर हात मारला आणि ती हसली.

"तिचा दोष नाही ओ," ती म्हणाली. "मीच शिकवलं. लाइनवर आम्ही चाळीस बायका आन् रिलीव्हर एक. एकदा गेलं की दुपारपर्यंत दुसऱ्यांदा मागायची सोय नाही. सुपरवायझर म्हणतो, घरूनच रिकामं होऊन येत जा की, मावशे. मावशी म्हणतो मेला, माझ्याएवढा हाय. म्हणून मी घोटानं जीभ ओली करते, बस. हिला म्हणलं, शाळेत पण तसंच कर. संडासाला कडी नाही, पाणी नाही, वर रिलीव्हर मागायची लाज. पोरं चिडवतेत. त्यापरीस तहान बरी. तहान काय, मरते आपोआप."

"तुम्हाला त्रास होत नाही?"

"होतो की. जळजळ होते. बायकांना होतंच ते."

मी ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. पुढे दीड तासाचा रस्ता होता आणि वाटेत थांबावे अशी एकही जागा नव्हती. मुलगी माझ्याकडे टक लावून पाहत होती.

"आई, मॅडमनी पण घोटच घेतला."

"गप गं!"

मी उरलेले पाणी प्यायले. मोशीच्या सिग्नलपर्यंत पोचता पोचता त्याचा पुरता पश्चात्ताप झाला.

निघताना आई दारापर्यंत आली. "पुढच्या शुक्रवारपर्यंत बघते," ती म्हणाली. "त्याच्या नंतरच्या रविवारी माझा भाऊ गावी चाललाय. ठीक वाटलं तर ठेवते, नाहीतर देते त्याच्यासोबत लावून. पण मॅडम, आता खुणा नका दाखवू. काय असंल ते खरं सांगा."

शनिवारी मी सरांना फोन केला. तीसचा आकडा रद्द समजा, असे सांगितले. निकष बदलायला हवा; मूल किती पाणी पिते हे विचारण्याआधी, शाळेच्या वेळेत ते किमान दोनदा लघवीला जाऊ शकते का, हे विचारायला हवे.

"ते आरोग्यशिक्षणात कुठे येतं?" सर शांतपणे म्हणाले. "ते बांधकाम विभागाचं. आपण मुलाला काय आलं हे मोजतो, शाळेत काय आहे हे नाही."

"पण सर, तो आकडा बाटल्यांचा आहे. मुलांचा नाही."

"समितीला आपण बाटल्याच दाखवणार आहोत. तुम्ही दमलायत. सोमवारी रजा घ्या."

दमले होते हे खरे होते. सोमवारी मी रजा न घेता कुरुळीला गेले आणि बाईंना म्हटले की आठवडाभर रिलीव्हरची पद्धत बंद ठेवू.

बाई एकदम तडकल्या. तीन आठवड्यांत त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता.

"ठेवा बंद! पंचावन्न पोरं, दोन इयत्ता, एक मी. चौथीचा भागाकार चालू असताना तिसरीच्या आठ जणी अंगणात, तर कोण बघणार? एखादी रस्त्यावर गेली तर तुमची ती समिती येणार आहे का? तुमच्या निकषात सगळं लिहिलंय, मॅडम, मुलाने हे करावं, शिक्षकाने ते बघावं. माझा रिलीव्हर कुठल्या पानावर आहे? मी साडेदहाला येते ती सव्वापाचला घरी पोचल्यावर बाथरूमला जाते. अकरा वर्षं झाली. मलाही गोळ्या चालू आहेत, सांगू का तुमच्या सरांना?"

मी म्हटले, "मी होते ना. या आठवड्यात मी वर्गात बसते. तुमची रिलीव्हर."

बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि खडू उचलला. होकार असावा.

मुलींची दोन शौचालये होती. एकाचे दार बिजागरीतून निखळून भिंतीला टेकवलेले होते, म्हणून वापर एकाचाच. त्यालाही कडी नव्हती. दाराची मागणी किती वेळा लिहून गेली, याची गणती मावशींपाशी होती. "दाराची वाट बगत बसलं तर पोरी म्हाताऱ्या व्हत्याल," असे म्हणून त्यांनी तांदळाच्या दोन रिकाम्या पोत्यांचा पडदा शिवला आणि तारेवर टांगला. दुसऱ्याला आतून सुतळीचा फास केला. टाकीपासून बादल्या आम्ही दोघींनी वाहिल्या. पहिल्याच दिवशी माझ्या तळहाताला फोड आले. मावशींच्या हाताला काही झाले नाही.

मी निळ्या बाटल्या गोळा करून कपाटात ठेवल्या, कार्डेही ठेवली, फळ्याच्या कोपऱ्यातले वाक्य पुसले. बारा वाजता मुलींना सांगितले, आता ज्यांना जायचे त्यांनी जावे, कोणाला विचारायला नको, कोणाच्या वहीत कोणी लिहायचे नाही.

कोणीही उठले नाही.

दोन्ही इयत्तांच्या अठ्ठावीस मुली मान खाली घालून लिहीत राहिल्या. मी घड्याळ पाहिले. चार मिनिटे गेली. सवय ही काय चीज असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते.

मग बाईंनी खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. "मॅडम, बसा माझ्या खुर्चीत," त्या म्हणाल्या. "मी चालले." पदर खोचून त्या भर वर्गातून बाहेर पडल्या आणि अंगण ओलांडून पोत्याच्या पडद्याकडे गेल्या. सगळी मुले खिडकीतून पाहत होती. मागच्या रांगेतून तोच पोरगा ओरडला, "आरं, बाईंला रिलीव्हर भेटला!"

वर्ग फुटल्यासारखा हसला. त्या हसण्यातच चौथीतली एक उंच मुलगी उठली, तिच्यामागे दोघी, मग रांग लागली. खिडकीजवळची ती मुलगी त्या दिवशी उठली नाही. मंगळवारी एकदा गेली. बुधवारी पुन्हा सुट्टी होती.

गुरुवारी मी घड्याळ लावून वेळ मोजली. दोन्ही जागा धरून एकेका मुलीमागे सरासरी पंचावन्न सेकंद. पोत्याचा पडदा नसता, एकच जागा असती, तर याच्या दुप्पट, म्हणजे अठ्ठावीस जणींना एक्कावन्न मिनिटे लागली असती. आणि जेवणाची सुट्टी चाळीस मिनिटांची, तिच्यातच रांगेत उभे राहून खिचडी घ्यायची. पहिली-दुसरीच्या मुली यात धरलेल्याच नाहीत. हा हिशेब पहिल्या दिवशी, रेघा आखण्याआधी, मला दहा मिनिटांत करता आला असता. तो केला नाही, कारण मी मोजायला मुले घेतली होती; शाळा मोजायची असते हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मला सुचलेही नव्हते.

त्याच संध्याकाळी मी सरांना तिसरीची यादी पाठवली. पाण्याच्या निकषापुढे लिहिले : 'नोंदी विश्वासार्ह नाहीत. मागे घेत आहे.' खाली माझा नवा निकष जोडला. रात्री उत्तर आले की यादी त्या कलमाशिवाय समितीपुढे जाईल, जोडलेला मजकूर विषयाबाहेरचा आहे, आणि पुढचे काम कोणाकडे द्यायचे ते मार्चमध्ये बघू. 'बघू' या शब्दाचा अर्थ लावण्यासाठी एम.एस्सी. लागत नाही. मी फोन पालथा ठेवला आणि दिवा न मालवताच झोपले.

शुक्रवारी आई शाळेत आली. तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. कंपनीच्या बसमधून उतरून ती थेट इकडेच आली होती. दाराशी उभी राहिली. बाईंनी मान डोलावून तिला आत बोलावले, पण ती आली नाही. माझी वही माझ्या हातात होती. खिचडीच्या वेळी मी मापाच्या भांड्यातून मावशींच्या ग्लासात पाणी ओतून मुलीला दिले होते. मोजून, आणि माझ्या डोळ्यांसमोर प्यायलेले. दीड ग्लासावर ती थांबली होती. मी आग्रह केला नव्हता.

"सांगा मॅडम," आई म्हणाली. "भाऊ परवा निघतोय. पिली का?"

"दोनशे साठ मिलिलीटर," मी म्हणाले. "दीड ग्लास. पाहिजे होतं याच्या तिप्पट. खरं तेवढंच आहे."

तिने मान हलवली. आकडा तिला लहान वाटला की मोठा, हे मला कळेना. तिची नजर माझ्या वहीवर नव्हती; अंगणापलीकडे पोत्याचा पडदा वाऱ्याने हलत होता, तिकडे होती.

"ते ऱ्हाऊ द्या. बाहेर गेली का?"

"गेली."

"आपल्या मनानं? का तुम्ही पाठवलं?"

"आपल्या मनाने. मी आज कोणाला काही सांगितलंच नाही."

"पोरं काही बोलली?"

"एक बोलला," आतून बाई म्हणाल्या. "त्याला मी चौथीचे पाढे लिहायला बसवलाय."

आईने खिडकीतून मुलीकडे पाहिले. मुलीने तिला पाहिले होते, पण न पाहिल्यासारखे करून ती वजाबाकी करत होती, हातचे ओठांतल्या ओठांत मोजत.

"दुखलं का म्हणून विचारलं का तिला?"

"विचारलं. पहिल्यांदा थोडं जळजळलं, म्हणाली. दुसऱ्यांदा नाही."

"दुसऱ्यांदा?" ती माझ्याकडे वळली. "दोनदा गेली?"

"हो."

ती दाराच्या चौकटीला टेकली. दिवसभर उभे राहून काम करणारी बाई टेकते तशी, आधी एका पायावर, मग दुसऱ्यावर. जाकिटाची वरची गुंडी तिने काढली.

"भावाला सांगते, एकटाच जा म्हणून," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे हिला हितंच. परीक्षेपर्यंत तर ऱ्हाऊ दे. सोमवारपास्नं मात्र तुम्ही येणार नाही ना?"

माझे चार आठवडे संपले होते; मी नाही म्हणाले. बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवले.

"बरं," आई म्हणाली. "बघू मग."

ती अंगणातल्या पायरीवर शाळा सुटायची वाट पाहत बसली. मी वही उघडली, त्या मुलीच्या पानावर तारीख घातली, वेळ घातली. पाण्याच्या रकान्यात २६० लिहिले. त्याच्या शेजारी रकाना नव्हता, तो हाताने आखला. वर लिहिले 'बाहेर', आणि खाली २.